तिघींतली एक

गाय व्याली की काही दिवसांनी तिची अंडाशयं काढून टाकायची; मग ती लवकर आटत नाही, दूध देत राहते. काही देशांतले शेतकरी असा उपाय करतात, हे जॉर्ज बीट्सन या स्कॉटिश डॉक्टराला १८७०च्या दशकात कळलं. एडिंबरात शिकलेला, जोसेफ लिस्टरच्या हाताखाली काम केलेला हा तरुण तेव्हा स्कॉटलंडच्या पश्चिम भागात एका मनोरुग्ण गृहस्थाची देखभाल करत होता. काम बेताचं, वेळ भरपूर. आसपास मेंढ्यांचे कळप, कोकरांचं दूध तोडायच्या दिवसांतली मेंढपाळांची धांदल. एम.डी.च्या प्रबंधाला त्याने विषयही तोच घेतला: अंगावर दूध येतं कसं आणि टिकतं कसं.

अंडाशय ओटीपोटात, कास बाहेर, दोघांना जोडणारी नस कुठेच सापडत नाही. तरी एक अवयव दुसऱ्यावर हुकूम चालवतो. बीट्सनच्या डोक्यात हे पक्कं बसलं. दुसरी गोष्ट त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. दूध येण्याच्या काळात स्तनातल्या पेशी अशा झपाट्याने वाढतात, की कर्करोगाचीच आठवण व्हावी. फरक एवढाच, की या पेशींचं पुढे दूध होतं आणि त्या पेशींची गाठ. त्या काळी कर्करोगाचा जंतू शोधण्याची टूम होती. बीट्सनचा त्यावर विश्वास नव्हता. गाठीचा लगाम गाठीच्या बाहेर, दूर कुठेतरी असू शकतो, असं त्याला वाटत होतं. ‘हार्मोन’ हा शब्दच मुळी १९०५मध्ये जन्माला आला, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या वाटण्याची किंमत कळते.

मे १८९५मध्ये ग्लासगोत त्याच्याकडे ३३ वर्षांची एक बाई आली. दोन मुलांची आई. स्तन आधीच काढलेला, आणि रोग छातीच्या भिंतीवर परत उगवलेला. शस्त्रक्रिया करण्यापलीकडची अवस्था. १५ जूनला बीट्सनने तिची दोन्ही अंडाशयं काढली. आठ महिन्यांनी छातीवरच्या गाठी दिसेनाशा झाल्या होत्या. १८९६च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याने ही हकिकत छापली. बाई शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार वर्षं जगली.

साहजिकच इतर सर्जन या वाटेने धावले, आणि धावता धावता अडखळले. कुणाच्या रुग्णाला चमत्कारासारखा गुण येई, कुणाची रुग्ण काही फरक न पडता दगावे. १९००मध्ये लंडनच्या स्टॅन्ली बॉइडने ब्रिटनभरातल्या ५४ शस्त्रक्रियांची माहिती गोळा केली. हिशेब निघाला तो असा: साधारण तिघींतल्या एकीला उपयोग होतो.

कोणत्या एकीला? हे पोट उघडण्यापूर्वी सांगता येत नव्हतं, आणि पुढची सत्तर वर्षं कुणालाच सांगता आलं नाही. मला या साऱ्या इतिहासात बीट्सनच्या यशापेक्षा बॉइडचा हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. यश पाहून माणसं टाळ्या वाजवतात, पण ‘तिघींतली एकच का?’ हा प्रश्न ज्यांना टोचत राहिला, त्यांनीच अखेर पेशीच्या केंद्रकात बसलेलं, हार्मोन पकडणारं प्रथिन शोधून काढलं.

अंडाशयातून नक्की काय पाझरतं, हे कळायला १९२३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातला तो अर्क, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन, वेगळा काढला. पुढे १९३०च्या दशकात डॉइझीच्या चमूने डुकरिणींच्या चार टन अंडाशयांमधून इस्ट्राडायोल हे शुद्ध इस्ट्रोजेन मिळवलं, तेही अवघं १२ मिलिग्रॅम. पॅरिसमध्ये आंत्वान लाकासान्यने १९३२मध्ये नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचलं आणि त्या नरांनाही स्तनाचा कर्करोग झाला. इथवर सगळं एका दिशेने चाललं होतं. मग १९४४मध्ये लंडनच्या अलेक्झांडर हॅडोने वयस्क रुग्णांना कृत्रिम इस्ट्रोजेनचे मोठे डोस दिले, आणि काहींच्या गाठी चक्क आक्रसल्या. काढून घेतलं तरी गुण, भरपूर दिलं तरी गुण, आणि दोन्हीकडे काहींनाच. आधीच किचकट असलेलं कोडं यामुळे आणखी किचकट झालं.

शिकागोत चार्ल्स हगिन्सने प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषांची वृषणं काढून रोग आटोक्यात येतो हे १९४१मध्ये दाखवलं होतं; त्यासाठी त्याला १९६६चं नोबेल मिळालं. अधिवृक्क ग्रंथींची उणीव भरून काढणारं कॉर्टिझोन हाताशी आल्यावर १९५०च्या दशकारंभी त्याने स्तनाच्या कर्करोगात मूत्रपिंडांवरच्या या ग्रंथी काढायला सुरुवात केली, कारण पाळी गेल्यावरही इस्ट्रोजेनचा कच्चा माल तिथून येत राहतो. स्टॉकहोममध्ये तर मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी काढू लागले. शस्त्रक्रिया दिवसेंदिवस मोठी होत गेली, गुण येण्याचं प्रमाण मात्र बॉइडच्या आकड्याच्या आसपासच घुटमळत राहिलं. याचा दुसरा अर्थ असा, की दर तिघींतल्या दोघी हे सगळं व्यर्थ सोसत होत्या. अधिवृक्क काढलेल्या बाईला उरलेलं आयुष्य स्टिरॉइडच्या गोळ्यांवर काढावं लागतं. गाठ कमी झाली असती तर ते चाललं असतं.

हगिन्सच्याच प्रयोगशाळेत १९४७मध्ये एल्वुड जेन्सेन रुजू झाला. हा डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्रज्ञ. १९२०चा जन्म, नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावचा. युद्धाच्या काळात विषारी वायूंवर संशोधन करताना तो स्वतःच इस्पितळात पडला होता. युद्धानंतर शिष्यवृत्तीवर झुरिचला गेला आणि गिर्यारोहणाचा काही अनुभव नसताना मॅटरहॉर्न चढून आला. एडवर्ड व्हिंपर इटलीच्या बाजूने पुन्हा पुन्हा हरला आणि १८६५मध्ये अशक्य वाटणाऱ्या स्विस धारेने शिखरावर पोचला, ही कथा जेन्सेन आपल्या संशोधनाबद्दल बोलताना हमखास सांगे. शास्त्रज्ञांनी म्हातारपणी सांगितलेल्या अशा कथा मी एरवी पूर्ण खऱ्या धरत नाही, पण इथे ती चपखल बसते.

कारण त्या वेळी सगळे इटलीच्याच बाजूने चढत होते. हार्मोन पेशीत जातं, तिथली एन्झाइमं त्याचं रूपांतर करतात, आणि त्या उलाढालीतून पेशीला वाढीची ऊर्जा मिळते, असं मानलं जाई. म्हणून जो तो पेशी हार्मोनचं काय करते, याचा शोध घेत होता. जेन्सेनने प्रश्न उलटा केला: हार्मोन पेशीत जाऊन राहतं कुठे? अडचण अशी, की इस्ट्राडायोल इतक्या कमी मात्रेत काम करतं, की शरीरात त्याचा माग लागणंच मुश्कील. किरणोत्सारी कार्बनची खूणही तिथे मंद पडे. जेन्सेन आणि त्याचा सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन वायू वापरण्यासाठी खास उपकरण उभारलं आणि अतितीव्र खूण असलेलं इस्ट्राडायोल तयार केलं.

ते वयात न आलेल्या उंदरिणींना टोचलं. रक्त, यकृत, स्नायू यांत हार्मोन आलं आणि ओसरून गेलं. गर्भाशयात आणि योनीमार्गात मात्र ते तासन् तास टिकून राहिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथून परत काढलं तेव्हा ते जसंच्या तसं होतं. कुणीही त्याचं रूपांतर केलेलं नव्हतं. या दोन अवयवांत त्याला पकडून ठेवणारं काहीतरी होतं आणि इतरत्र नव्हतं.

१९५८मध्ये व्हिएन्नाच्या जीवरसायन परिषदेत जेन्सेनने हे मांडलं. समोर पाच श्रोते. त्यांतले तिघे त्याच सत्रातले इतर वक्ते. त्याच वेळी दुसऱ्या दालनात इस्ट्रोजेन आणि एन्झाइमं या विषयावरच्या चर्चेला हजारावर माणसं बसली होती. हा तपशील खुद्द जेन्सेनने सांगितलेला.

पकडून ठेवणारी ही वस्तू करते तरी काय? याचा पहिला सुगावा लागला तो भलत्याच दिशेने. १९६०मध्ये जर्मनीत उलरिक क्लेव्हर आणि पेटर कार्लसन यांनी एका चिलटाच्या अळीला कात टाकायला लावणारं हार्मोन टोचलं. या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं इतकी जाडजूड असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकातही त्यांवरचे पट्टे दिसतात. हार्मोन दिल्यावर थोड्याच वेळात ठरावीक पट्टे फुगले. जिथे फुगवटा, तिथला जनुक वाचला जात होता. म्हणजे हार्मोनचा निरोप थेट जनुकापर्यंत पोचतो. पुढे १९६६मध्ये इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड टॉफ्ट आणि जॅक गोर्स्की यांनी उंदरिणीच्या गर्भाशयातून ती पकडणारी वस्तू वेगळी केली. ते एक प्रथिन निघालं: इस्ट्रोजेन रिसेप्टर, थोडक्यात ईआर.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच डीएनएची पोथी असते. कोणत्या पेशीत तिची कोणती पानं वाचायची हे डीएनएवर जाऊन बसणारी काही प्रथिनं ठरवतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसात अशी सुमारे १,६०० प्रथिनं मोजली गेली आहेत. ईआर हे त्यांतलंच एक, फक्त इस्ट्रोजेन चिकटल्याशिवाय कामाला न लागणारं. १९६८मध्ये जेन्सेन आणि गोर्स्की दोघांनीही मांडलं, की रिसेप्टर पेशीद्रवात वाट पाहत असतो आणि हार्मोन मिळालं की केंद्रकात शिरतो. सोळा वर्षं हे पाठ्यपुस्तकांत होतं. १९८४मध्ये कळलं, की तो पहिल्यापासून केंद्रकातच असतो. पेशी वाटून तिचा रस काढताना तो बाहेर गळायचा, एवढंच. ही दुरुस्ती करणाऱ्या दोन प्रयोगशाळांपैकी एक गोर्स्कीचीच होती.

आता बॉइडच्या आकड्याकडे जाता येत होतं. १९६१मध्येच इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी अधिवृक्क काढण्याआधी रुग्णांना खूण केलेलं कृत्रिम इस्ट्रोजेन दिलं, आणि ज्यांना पुढे गुण आला त्यांच्या गाठींनी ते जास्त शोषलेलं आढळलं. जेन्सेनने काढलेल्या गाठीतच रिसेप्टर मोजण्याची पद्धत बसवली आणि १९७१मध्ये निष्कर्ष छापला: गाठीत रिसेप्टर नसेल तर अधिवृक्क काढून सहसा काही हाती लागत नाही. १९७४मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डाला अनेक केंद्रांचे आकडे एकत्र ठेवले गेले. रिसेप्टर असलेल्यांत ५५ ते ६० टक्क्यांना हार्मोनच्या उपचाराचा गुण येत होता. नसलेल्यांत १० टक्क्यांहूनही कमी जणींना. गाठींपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास रिसेप्टर असलेल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणींना गुण. गुणाकार करून पाहा, साधारण तिघींतली एक हाती येते.

या चाचणीचा पहिला मोठा फायदा नकारात्मक होता. हजारो बायकांची मोठी शस्त्रक्रिया टळली. औषध शोधल्याची बातमी होते, शस्त्रक्रिया टळल्याची होत नाही. म्हणून जेन्सेनचं नाव टॅमॉक्सिफेनइतकं कुणाच्या कानावर नसतं.

टॅमॉक्सिफेनची कथा मात्र अपघाताची आहे, आणि एका हट्टी माणसाची. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात आयसीआय कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२मध्ये आयसीआय ४६,४७४ हे संयुग तयार केलं. हवी होती ती संबंधानंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी. उंदरिणींत ती अचूक चालली. बायकांत उलटंच झालं. अंडं सुटायला मदतच झाली. गर्भ रोखायला निघालेलं औषध गर्भधारणेला हातभार लावणारं निघालं, म्हणजे कंपनीच्या हिशेबी ते मेलंच. पण त्या विभागाचा प्रमुख आर्थर वॉलपोल याने १९४०च्या दशकात मँचेस्टरच्या डॉक्टरांबरोबर हॅडोच्या पद्धतीने इस्ट्रोजेन देऊन कर्करोगावर काम केलं होतं. ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्याच्या आग्रहावरून मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल यांनी ४६ रुग्णांना ते दिलं. १९७१मध्ये निकाल आला: दहा जणींना गुण. जुन्या औषधांच्या तोडीचा आकडा, पण त्रास पुष्कळच कमी. कंपनीला यात धंदा दिसेना. औषध जवळजवळ गुंडाळलं जाणार होतं. वॉलपोलने नोकरी सोडायची धमकी दिली म्हणून ते वाचलं, असं सांगतात. १९७३मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७च्या अखेरीस अमेरिकेत ते बाजारात आलं. वॉलपोल त्याच १९७७मध्ये वारला.

क्रेग जॉर्डन हा पोरगेला संशोधक लीड्सला अशाच फसलेल्या गर्भनिरोधकांवर पीएच.डी. करत होता; परीक्षक म्हणून आला तो वॉलपोल. त्यानंतर जॉर्डन अमेरिकेत वुस्टर फाउंडेशनमध्ये गेला, शिकागोला जेन्सेनच्या प्रयोगशाळेत रिसेप्टर मोजायला शिकला, आणि टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनची जागा अडवतं हे त्याने दाखवलं. उंदरिणींना कर्करोग होण्याआधीच ते दिलं तर गाठी कमी उठतात, हेही. १९९८मध्ये तेरा हजारांवर निरोगी पण जोखमीतल्या बायकांची अमेरिकेतली चाचणी पुरी झाली तेव्हा स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. त्याच चाचणीत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलंही दिसलं. तेच प्रथिन, तेच औषध. स्तनात अडसर आणि गर्भाशयात उत्तेजन.

हे कळायला पेशी लागतात, आणि माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाची पेशी बशीत जगवणं महाकठीण होतं. मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल वर्षानुवर्षं प्रयत्न करत होता. १९७०मध्ये एका ६९ वर्षांच्या ख्रिस्ती जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या पेशी टिकल्या. संस्थेची आद्याक्षरं आणि पुढे प्रयत्नाचा आकडा, असं त्यांचं नाव पडलं: एमसीएफ-७. त्यांच्यात भरपूर ईआर होता. जगभरच्या प्रयोगशाळांत आज त्या आहेत. जाता जाता: जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो, अशी नोंद इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनीने अठराव्या शतकाच्या आरंभीच करून ठेवली होती. बाळंतपण आणि अंगावर पाजणं नाही, त्यामुळे अंडाशयाच्या चक्रांना खंड नाही. ही कारणमीमांसा फार नंतरची.

एमसीएफ-७ने एक विचित्र गोंधळही घातला. इस्ट्रोजेन दिलं की या पेशी वाढतात, असं मार्क लिपमनने १९७५मध्ये छापलं. इतरांना ते जमेना. टॅमॉक्सिफेनने पेशी मंदावत होत्या, पण इस्ट्रोजेनने वेग घेत नव्हत्या. जणू त्यांना इस्ट्रोजेन आधीच मिळत होतं. वाद दशकभर चालला. १९८६मध्ये इलिनॉयच्या कॅट्झेनेलेनबोगेन दांपत्याच्या चमूने चोर पकडला: फिनॉल रेड. पेशींच्या खाद्यद्रवाची आम्लता रंगावरून कळावी म्हणून प्रत्येक बाटलीत टाकायचं ते लाल रंगद्रव्य. ते क्षीण इस्ट्रोजेनसारखं वागत होतं. सगळ्या जगाने आपल्या पेशींना नकळत हार्मोन पाजलं होतं. त्यानंतर रंगहीन द्रव वापरायची शिस्त आली.

याच सुमारास ईआरचा जनुक हाती लागला. स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शांबोंचा चमू, शिकागोत जेन्सेनचा सहकारी जेफ्री ग्रीन. दोघांनीही माल घेतला तो एमसीएफ-७मधूनच. ५९५ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात दोन कामं दोन तुकड्यांत वाटलेली: एक तुकडा जस्ताचे अणू धरून डीएनएला बिलगतो, दुसरा हार्मोन पकडतो. शांबोंच्या प्रयोगशाळेत १९८७मध्ये एक देखणा प्रयोग झाला. ईआरचा डीएनएला बिलगणारा तुकडा कापून त्या जागी कॉर्टिझोन वर्गातल्या हार्मोनच्या रिसेप्टरचा तुकडा जोडला. आता इस्ट्रोजेन दिलं की कॉर्टिझोनच्या हुकमतीतला जनुक जागा होऊ लागला. ईआर हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मागता येणार नाही. २००४चा लास्कर पुरस्कार शांबों, रोनाल्ड एव्हान्स आणि जेन्सेन यांना विभागून मिळाला. व्हिएन्नाच्या त्या सत्राला ४६ वर्षं झाली होती.

गाठ वाढते कशी, हेही त्यातून सुटत गेलं. इस्ट्रोजेन लागलेला ईआर मिक नावाच्या दुसऱ्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचा जनुक चालू करतो, सायक्लिन डी१चाही. हे दोघे पेशीला विभाजनाच्या उंबऱ्यापलीकडे ढकलतात. टॅमॉक्सिफेन दिलं की पेशी त्याच उंबऱ्याअलीकडे अडून बसतात. १९९८मध्ये ग्रीनच्या प्रयोगशाळेने स्फटिकातलं चित्र काढलं. हार्मोन बसल्यावर ईआरचा शेवटचा वळसा एका बाजूला मिटतो आणि मदतनीस प्रथिनांना टेकायला खोबण मोकळी होते. टॅमॉक्सिफेनची लांब बाजूशाखा त्या वळशाला ढकलते आणि तो नेमका त्या खोबणीत जाऊन पडतो. मदतनिसांना जागाच उरत नाही. कोणत्या अवयवात कोणते मदतनीस किती आहेत, यावरून स्तन आणि गर्भाशय यांतला फरकही बराचसा उलगडतो.

एवढं झाल्यावर वाटावं, की जनुकाच्या तोंडाशी ईआर बसतो आणि जनुक चालू होतो. बॉस्टनमध्ये माइल्स ब्राउन आणि जेसन कॅरोल यांनी २००५मध्ये दोन गुणसूत्रांवर आणि २००६मध्ये अख्ख्या जीनोमवर ईआरच्या बैठका मोजल्या. एमसीएफ-७मध्ये ३,६६५ जागा भरल्या, आणि त्यांतल्या जेमतेम चार टक्के जनुकांच्या आरंभाजवळ होत्या. बाकी सगळ्या दूर, ज्या भागाला तोवर कुणी विचारत नव्हतं तिथे. शिवाय यांतल्या कितीतरी ठिकाणी शेजारी दुसऱ्या एका फॅक्टरची खूण होती: फॉक्सए१. डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. फॉक्सए१ तिथे आधी जाऊन तो सैल करतो, मग ईआरला टेकता येतं. पेरणीआधीची नांगरट म्हणा. फॉक्सए१ काढून घेतला तर इस्ट्रोजेन असूनही ईआरला बसायला जागा मिळत नाही, आणि पेशींची वाढ थांबते. त्याच टोळीतला गाटा३. २०१२मध्ये शेकडो गाठींचे जनुक वाचले गेले, तेव्हा दहा टक्क्यांहून अधिक गाठींत बिघडलेले जनुक तीनच निघाले, आणि त्यांतला एक हा गाटा३.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. पुण्यात वाढलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी परळला डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगावर काम केलं आणि पुढे भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पण मला इथे सांगायचं ते आकड्याबद्दल. २०००मध्ये टाटा रुग्णालयातल्या ७९८ गाठींचा अहवाल आला, त्यात ईआर असलेल्या गाठी ३२.६ टक्के. पश्चिमेत सत्तरच्या घरात आणि आपल्याकडे एक तृतीयांश. भारतीय बायकांचा रोगच वेगळा, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं, आणि तो काढलाही गेला. नंतरच्या दशकात त्याच रुग्णालयात प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. मधल्या काळात बायका बदलल्या नव्हत्या. काढलेली गाठ वेळेत फॉर्मेलिनमध्ये नीट घालण्याची पद्धत आणि तपासणी सुधारली होती. ताटकळत राहिलेल्या गाठीतला ईआर दिसेनासा होतो. कमी वयाच्या रुग्णांचं प्रमाण आपल्याकडे जास्त, ईआर नसलेल्या गाठीही जास्त, हे खरंच आहे. पण ज्या बाईची गाठ ईआर असूनही कागदावर ‘निगेटिव्ह’ ठरली, ती तिला मिळू शकणाऱ्या सर्वांत स्वस्त औषधाला मुकली.

याच रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांनी हजारएक रुग्णांवर एक साधी चाचणी केली: शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉन या अंडाशयातल्याच दुसऱ्या हार्मोनच्या वर्गातलं एक इंजेक्शन. २०११मध्ये निकाल छापला. सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब केला तर ठळक फरक नव्हता. काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्यांत मात्र पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण ६५ टक्के होतं, इंजेक्शन न मिळालेल्यांत ५५. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर हाही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच. २०१५मध्ये केंब्रिजला गेलेल्या कॅरोलच्या आणि ॲडलेडच्या चमूंनी दाखवलं, की प्रोजेस्टेरॉन मिळालं की हा रिसेप्टर ईआरला जाऊन चिकटतो आणि त्याच्या डीएनएवरच्या जागाच बदलतो; पेशींची वाढ त्यामुळे मंदावते.

उरल्या त्या, ज्यांच्या गाठीत ईआर आहे, औषधही चाललं, आणि काही वर्षांनी चालेनासं झालं. पाळी गेलेल्या बायकांना आता बहुधा ॲरोमटेज हे इस्ट्रोजेन घडवणारं एन्झाइम रोखणारी औषधं देतात. शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ द्यायचं नाही, असा त्यांचा खाक्या. अँजेला ब्रोडी यांनी चिकाटीने हा मार्ग पाडला. २०१३मध्ये दोन वेगवेगळ्या चमूंनी या औषधांना दाद न देणाऱ्या गाठी वाचल्या. ईआरच्या जनुकातच बदल झालेले होते, आणि तेही प्रामुख्याने शेवटच्या वळशापाशी, ५३७ आणि ५३८ या जागांवर. एखादं अमिनो आम्ल बदललं, की वळसा हार्मोनवाचूनच मिटतो आणि रिसेप्टर कायमचा चालू राहतो. असा एक बदल १९९७मध्येच एका रुग्णाच्या गाठीत सापडला होता. तो अपवाद समजून बाजूला पडला, कारण सुरुवातीच्या गाठींत तो जवळजवळ कधीच दिसत नाही. तो औषधाच्या दाबाखाली वर येतो.

अशा रिसेप्टरला अडवून भागत नाही, नष्टच करावं लागतं. त्यासाठीचं एक इंजेक्शन, फुल्वेस्ट्रंट, २००२पासून होतं. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेत एलासेस्ट्रंट या तोंडाने घ्यायच्या गोळीला मंजुरी मिळाली, पण रक्तात ईआरच्या जनुकाचा बदल सापडेल अशाच रुग्णांसाठी. त्यामुळे गोळी लिहून देण्याआधी आता रक्ताची नळी तपासणीला पाठवतात.